कांद्याच्या चाळीतलं अधिवेशन

संसद कुठं भरवायची, यातच रविवारचे दोन वाजले.

"हॉलात नको," राहीबाई म्हणाल्या. "तिथं कार्यकर्ते बसलेत. नवरा खासदार झाल्यापासनं त्या सोफ्यावर मी एकदा टेकले न्हाई."

"मग ओसरीवर?" हर्षलनं विचारलं.

"ओसरी रस्त्यावरनं दिसती. खासदार भाषणाचा पाठ गिरवतोय, हे सगळ्या पुणतांब्याला दाखवायचं का? तुझा बाप आधीच चपलेवरनं गाजलाय."

चपलेचं नाव निघालं तसे कारभारी अण्णा खाली आपल्या पायाकडं बघायला लागले. दोन्ही चपला जागेवर होत्या. त्यांना बरं वाटलं.

मागच्या अधिवेशनात अण्णा पाच दिवस निलंबित झाले होते, ते काही तत्त्वासाठी नव्हे. जास्त वेळ बसायचं असलं की पायातलं काढून ठेवायची त्यांना सवय. दिल्लीतही त्यांनी चपला बाकाखाली सारल्या होत्या. मग गोंधळ झाला, समोरच्या बाजूचे खासदार घोषणा देत पुढं धावले आणि कुणाच्या तरी पायात अडकून अण्णांची डावी चप्पल अध्यक्षांच्या थेट समोर जाऊन पडली. अण्णा तिच्या मागोमाग वाकत वाकत गेले. अध्यक्ष तीनदा म्हणाले, जागेवर बसा. अण्णा म्हणाले, "एकच मिनिट, घावली." निलंबित झालेल्या अकरा विरोधकांच्या यादीत बारावं नाव सत्ताधारी खासदाराचं लागलं. गावात फटाके वाजले. लोकांना वाटलं, अण्णा पेटले.

पक्षाच्या मोठ्या साहेबांनी मात्र बोलावून घेतलं. "अध्यक्ष बसा म्हणाले की बसायचं," साहेब म्हणाले. "पुन्हा असं झालं, तर पुढच्या वेळी तुम्ही पुणतांब्यातच बसा."

आणि आता मंगळवारी रोजगार हक्क विधेयकावर अण्णांना सहा मिनिटं मिळाली होती. कामाला ठेवलेल्या प्रत्येकाला कागदावर नेमणूक, ठरलेले तास, आठवड्याला एक सुट्टी, असं ते विधेयक. भाषण हर्षलनं तयार केलं होतं. म्हणजे मोबाईलनं तयार केलं होतं. हर्षलनं स्वतःच्या मनानं शेवटी 'धन्यवाद' घातलं होतं. भाषण पाठ करणं ही अडचण नव्हतीच. अण्णांना बसायला शिकवणं, ही अडचण होती.

शेवटी कांदा साठवायची चाळ ठरली. अर्धा कांदा विकला गेलेला, मधली जागा रिकामी, आणि वासामुळं कार्यकर्ते तिकडं फिरकत नसत. एका बाजूला सरकार: अण्णा, राहीबाई आणि हर्षल. समोर विरोधी पक्ष: अण्णांचे धाकटे भाऊ कल्याणबापू, त्यांची बायको बनुबाई, आणि हर्षलची बायको पूजा. पूजा केडगावची. लग्नाआधी नगरला एका कंपनीच्या ऑफिसात माणसांच्या रजा लिहून घ्यायच्या टेबलावर बसायची. त्यामुळं विधेयक तिनं एकटीनंच पूर्ण वाचलं होतं.

"अध्यक्ष कोण?" पूजानं विचारलं.

तिथं पुन्हा अर्धा तास गेला. राहीबाईंच्या वर बनुबाई बसणं शक्य नव्हतं. हर्षलच्या लग्नात आहेराची साडी बदलली गेली, तेव्हापासून दोघी जावा चार वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. बापू वर बसले तर राहीबाई उठून जाणार. राहीबाई बसल्या तर बापू. हर्षल बापापेक्षा उंच कसा बसणार?

एवढ्यात चाळीच्या दारात सहादेव येऊन उभा राहिला.

"बापू," तो हळूच म्हणाला, "उद्याचं काय ठरलं मग?"

सकाळपासून ही तिसरी खेप. सहादेव हा अण्णा-बापूंच्या मुरादे वस्तीवरचा सालगडी. पाथर्डीकडचा. आधी ऊस तोडायला यायचा, मग एका पाडव्याला बापूंच्या हातून सालाचा नारळ घेतला आणि इथंच राहिला. त्याला सतरा पाडवे झाले. बायको लंकाबाई आणि लेक पंकजा गावाकडं. पंकजा शिकली, आणि राहुरीत माती तपासायच्या एका लॅबमध्ये तिला काम लागलं. सोमवारी दहाला हजर व्हायचं. तसं पत्र आलं होतं, नाव-गावासकट. सहादेवच्या घरात कुणाच्या कामाचा कागद आजवर झाला नव्हता. पंकजा फोनवर म्हणाली होती, "आबा, पैल्या दिवशी फाटकापस्तोर सोडाया या. येवढंच."

एवढंच. आज सांजच्या धारेनंतर निघायचं, उद्या लेकीला घेऊन राहुरीला जायचं, परवा पहिल्या गाडीनं परत.

"किती डाव सांगू?" बापू म्हणाले. "भागी तुझ्याबिगर कुनाला पान्हावती का? न्हाई ना? मग ठरलं."

भागी ही म्हैस. दावणीची राणी आणि स्वभावानं सासू.

"पन बापू, एकच दिस."

"ह्याला बसवू या की!" अण्णा एकदम ओरडले. "सहादू कुनाच्याच बाजूचा न्हाई."

सगळ्यांनी सहादेवकडं बघितलं. घरात पहिल्यांदा एखाद्या गोष्टीवर एकमत झालं.

*

पेंडीच्या सहा पोत्यांवर प्लास्टिकची खुर्ची, खुर्चीवर सहादेव. खाली बघितलं की मालकांचे टाळू दिसत होते. सतरा वर्षांत अण्णांचा टाळू त्याला पहिल्यांदा दिसला. टक्कल पडत होतं.

"मामा, तुमच्या हातात हे," पूजानं भागीच्या गळ्यातली घंटा सोडून आणली होती. "वेळ संपली की वाजवायची. कुणी ऐकलं नाही की वाजवायची. आणि म्हणायचं, बसा."

"कुनाला?"

"कुणालाही."

"अण्णांला?"

"मुद्दाम त्यांनाच."

अण्णा उठले, छाती पुढं काढली. "अध्यक्ष महोदय! कामगार हा या देशाच्या पाठीचा कणा आहे. त्याच्या घामाच्या प्रत्येक थेंबात..."

"आता थांबवा त्यांना," हर्षल खालून कुजबुजला.

सहादेवनं घंटा उचलली. वाजवायच्या आधी ती आपल्या बाहीला पुसली.

"अण्णा," तो म्हणाला, "टेकता का वाईच?"

"असं न्हाई रे!" अण्णा चिडले. "दरडाव! तिकडं काय इनंती करत्यात का? पुन्यांदा."

दुसऱ्यांदा सहादेव म्हणाला, "दमला असाल, बसा." तिसऱ्यांदा म्हणाला, "बसून बोललं तर न्हाई का चालायचं?" चौथ्यांदा बापूच वैतागले. "अरं, भागी लाथ झाडती तवा कसा वरडतो तिच्यावर? तसा वरड."

सहादेवनं डोळे मिटले. अण्णांच्या जागी भागीला उभं केलं. दुधानं भरलेली चरवी आणि उचललेला पाय डोळ्यापुढं आणला.

"बस्स!" चाळीवरची कबुतरं उडाली. "गप बस म्हन्तो ना!"

अण्णा बसले. बसल्यावर त्यांना कळलं की आपण बसलो.

"बेष्ट!" ते म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर खरंच आनंद होता. "अस्संच. आजून दहा येळा."

दहा वेळा झालं. शेवटच्या वेळेपर्यंत घंटा नुसती हलली तरी अण्णांचे गुडघे आपोआप वाकायला लागले. हर्षलनं व्हिडिओ काढला. सहादेवनं हळूच खुर्चीला पाठ टेकली.

मग बापू विरोधात बोलायला उठले.

"अध्यक्ष म्हाराज!" बापूंना पाठांतर लागत नव्हतं, त्यांचं पोटातनंच येत होतं. "शेतीत कसले तास घालता? लाईट येती रातच्या दोनला. उसाला सांगू का, थांब, मानसाची ड्युटी संपली? म्हशीला आइतवार कळतो का? कागदं करायची तर आमी नांगर धरायचा का पेन?"

सगळ्यात मोठ्यानं टाळ्या अण्णांनी वाजवल्या.

"अण्णा!" हर्षल ओरडला. "तुम्ही विधेयकाच्या बाजूनं आहात!"

"आसंल. पन खरं बोलला ना त्यो."

"आणि मला कुनी दिली सुट्टी?" बापू थांबेनात. आता ते विरोधी पक्ष राहिले नव्हते. "वीस वर्सं ह्यो दिल्ली-मुंबई करतो. मी दावनीला. समिंद्र म्हनून कसा असतो, ते मी टीव्हीत बघितलंय. मला कुनी इचारलं का, बापू, तुला काय पायजे?"

बनुबाईंनी पदर सावरला. अण्णांनी चपलांकडं बघितलं.

सहादेवनं सवयीनं घंटा वाजवली. आणि भलतीच गोष्ट झाली: अण्णाही बसले, बापूही बसले. अण्णा तर बसलेलेच होते, ते आणखी बसले.

*

राहीबाईंना एक गोष्ट कधीची विचारायची होती.

"अध्यक्ष," त्या उठल्या. "ह्यो कायदा चुलीला लागू हाय का?"

"नाही आई," हर्षल म्हणाला. "घर म्हणजे कामाची जागा नव्हे."

"मग मी काय करती तिथं? झोपती?"

"तसं नाही. कायद्यात तसं..."

"अकरा मानसं," विरोधी बाकावरनं आवाज आला. बनुबाई कुणाकडंच न बघता छपराकडं बघून बोलत होत्या. "रोज दोन टायमाला अकरा मानसं जेवत्यात. कार्यकर्ते येगळे. आन कार्यकर्त्याला च्या कमी गोड लागला, तर मतं जात्यात म्हनं."

राहीबाई वळल्या. चार वर्षांत त्यांनी जावेकडं सरळ बघितलं नव्हतं. बनुचे केस पिकले होते. कधी पिकले?

"सन्माननीय सदस्या," राहीबाई म्हणाल्या, "खरं बोलल्या."

बनुबाईंच्या हातातला कांदा खाली पडला.

पूजाला ही संधी दिसली. रजेच्या टेबलावर तीन वर्षं बसलेल्या बाईला अर्ज कधी मंजूर होतो, ते बरोबर कळतं. ती उठली.

"अध्यक्ष महोदय, माझी एक दुरुस्ती आहे. हा कायदा देशाला लागू होईल तेव्हा होईल. तोवर या वस्तीला लागू करावा. सुरुवात म्हणून सहादेवमामांना उद्याची एक दिवसाची रजा द्यावी."

"ये, ये, ये," बापू उभे राहिले. "ह्ये भाषनाच्या सरावात बसतं का?"

"बसतं, काका. दुरुस्ती कशी येते, हे अण्णांना कळायला नको?"

"कळायला पायजे," अण्णा म्हणाले. दुरुस्ती आली की नेमकं काय करायचं, हे त्यांना आजतागायत कळलं नव्हतं. दिल्लीत ते शेजारच्याचा हात बघून हात वर करत.

"भागी?" बापूंनी हुकमाचं पान टाकलं. "धार कोन काढनार? भाषन?"

"त्याचा शर्ट घालून कोनीबी काढील," बनुबाई म्हणाल्या. "म्हशीला वास कळतो, मानूस न्हाई."

"तू माझ्या बाजूनं बसलीय!"

"बसलीय तुमच्या बाजूनं. बोलतीय माझ्या बाजूनं. एक सांगा, आपल्या गावानं शेतकऱ्यांचा संप केला, तवा तुमी रस्त्यावर दूध वतलं ना? पेपरात फोटो आलाय तुमचा, किटली घिऊन."

"मग?"

"ती किटली भरली कुनी हुती?"

संपाच्या त्या पहिल्या दिवशी पहाटे चारला सहादेवनं धार काढली होती. शेतकऱ्याचा संप होता. सालगड्याचा नव्हता.

मत घ्यायचं ठरलं. सहादेवनं पूजानं शिकवल्यासारखं विचारलं, "व्हय म्हननारे?"

"व्हय!" तिन्ही बाया एकदम म्हणाल्या.

"न्हाई म्हननारे?"

"न्हाई!" बापू एकटेच तिघांएवढं ओरडले. अण्णांनी सवयीनं शेजारी बघितलं. शेजारी हर्षल होता. हर्षलनं बापाकडं बघितलं होतं. दोघांनी एकमेकांना बघून 'न्हाई'ला हात वर केले. पूजा हर्षलकडं बघत राहिली. हर्षलला कळलं की आज भाकरी गार मिळणार.

तीनला तीन.

"समसमान झालं," पूजा म्हणाली, "की अध्यक्षांनी मत द्यायचं."

"ह्ये बरंय!" बापू उसळले. "ज्याची रजा त्योच मत देनार? कुठल्या कायद्यात बसतं?"

"बसतं की," अण्णा निरागसपणे म्हणाले. या घरात संसदेतली माहिती सांगायची संधी त्यांना क्वचित मिळे. "आमचे पगार, आमचे भत्ते, आमीच मतं दिऊन वाढवतो. त्या दिवशी तर कोनी गोंधळबी घालत न्हाई. चपला जिथल्या तिथं असत्यात."

सगळे सहादेवकडं बघायला लागले.

त्याला खाली उतरायचं होतं. पोती डळमळत होती. खिशातल्या मोबाईलमध्ये पंकजाच्या पत्राचा फोटो होता. तो इंग्रजीत होता, त्याला वाचता येत नव्हता, पण लेकीचं नाव कुठं आहे ते पूजानं बोटानं दाखवलं होतं, आणि ती जागा त्याला पाठ होती.

"मला येक बोलायचंय," तो म्हणाला. "अध्यक्षाला बोलता येतं का?"

"तुम्हालाच येतं," पूजा म्हणाली.

"पोळ्याला बैलाला सुट्टी असती. खांद्याला तूप लावायचं, पुरनपोळी घालायची, जू ठिवायचं न्हाई. लई चांगली रीत हाय. मी काय म्हन्तो, त्या दिशी बैल धुतो कोन? मी. मिरवतो कोन? मी. सांच्याला दमून पडतो, आन बैल माझ्याकडं बघत ऱ्हातो. आता तर बैलबी ऱ्हायलं न्हाईत, टॅक्टर आला. तरी बापू पोळ्याला टॅक्टरला हार घालत्यात. त्या दिशी त्यो बंद." तो थांबला. "मी टॅक्टरच्या खाली हाय का वर, येवढंच मला कुनीतरी सांगा."

बापू बाहेर उभ्या ट्रॅक्टरकडं बघायला लागले.

"अध्यक्षाचं मत व्हय म्हननारांकडं," सहादेव म्हणाला.

बाया टाळ्या वाजवायला लागल्या. बापूंनी हात झटकले. "झाला खेळ. लई झाला. सराव हुता, सराव संपला. उतर खाली सहादू, वैरन टाकायचीय."

टाळ्या थांबल्या. राहीबाईंनी नवऱ्याकडं बघितलं. पूजानं हर्षलकडं बघितलं. हर्षलनं मोबाईलकडं बघितलं. खेळच तर होता.

सहादेव उठला. एक पाय त्यानं खालच्या पोत्यावर ठेवलासुद्धा. सतरा वर्षांचा पाय तो, आपोआप खाली जात होता. मग त्यानं तो परत वर घेतला, खुर्चीत बसला आणि घंटा वाजवली.

"बसा, बापू."

बापू बसले नाहीत. पण अण्णा, कुणी काही न म्हणता, खाडकन बसले. आणि बसल्यावर, खुर्चीच्या भीतीनं, धाकट्या भावाचा सदरा धरून त्याला खाली ओढायला लागले.

"बस रं कल्यान, बस! खुर्चीनं सांगितलं की संपलं. मी येकदा न्हाई ऐकलं, पाच दिवस गेटाच्या बाहीर शेंगदानं खाल्लं."

"आरं पन ही खुर्ची आपलीच हाय! अंगनातली!"

"ती बी कुनाची तरी अंगनातलीच असती," अण्णा म्हणाले. ते काय बोलून गेले, ते त्यांचं त्यांना कळलं नाही. बापू मात्र बसले.

"आता काय म्हनायचं?" सहादेवनं पूजाला विचारलं. "संपलं म्हनू?"

"संपलं म्हटलं की परत बोलवावं लागतं. तहकूब म्हणा. म्हणजे मधे थांबलंय, पुढं चालू राहणार."

"तहकूब," सहादेव म्हणाला. "परवाच्या धारेपस्तोर."

सांजची धार काढून तो गेला. जाताना अंगातला शर्ट गोठ्यातल्या खुंटीला लावून गेला आणि पाडव्याचा नवा घालून गेला. घंटा भागीच्या गळ्यात बांधायची राहिली. ती तशीच त्याच्या पिशवीत गेली.

*

सोमवारी पहाटे धारेला पहिले बापू बसले. सहादेवचा शर्ट बापूंच्या एका दंडातच अडकला, म्हणून त्यांनी तो गळ्याभोवती गुंडाळला. भागीनं गळ्याचा वास घेतला, पोटाकडं बघितलं, आणि चरवी एकीकडं, बापू एकीकडं. शेणात बसून बापूंनी सतरा वर्षांत पहिल्यांदा कबूल केलं की सहादू माणूस आहे.

हर्षलनं डेअरीवाल्याला फोन करून मशीन मागवायचा विचार मांडला. बनुबाईंनी त्याला गप्प केलं. सहादेवच्या अंगकाठीचा घरात एकच माणूस होता.

"म्या?" अण्णा म्हणाले. "दुपारी काकडीच्या इमानतळावरनं माझं इमान हाय!"

"इमान दुपारी हाय, दूध आत्ता हाय," राहीबाई म्हणाल्या आणि शर्टाची बटणं लावून दिली.

शर्टाला घामाचा, पेंडीचा, विडीचा वास होता. अण्णांना तो ओळखीचा वाटला. बापाच्या शर्टाला असायचा. चाळीस वर्षांत त्यांनी आचळाला हात लावला नव्हता. भागीनं त्यांना हुंगलं, शर्ट बरोबर होता. पण पान्हा सोडेना.

"सहादू बोलत असतो तिच्याशी," बनुबाई म्हणाल्या. "बोला काहीतरी."

अण्णांना दुसरं काय येत होतं?

"अध्यक्ष महोदय," ते भागीच्या पोटाला म्हणाले, "कामगार हा या देशाच्या पाठीचा कणा आहे."

भागीनं कान हलवला. चरवीत पहिली धार वाजली.

"त्याच्या घामाच्या प्रत्येक थेंबात..."

धार लागली. अण्णा बोलत राहिले, न अडखळता, न थांबता. दाखले दिले, आकडे दिले, एक शेर म्हटला. सहा मिनिटं झाली. 'धन्यवाद'ला चरवी भरली. असं भाषण त्यांनी जन्मात केलं नव्हतं, आणि इतकं शांत सभागृहही त्यांना कधी मिळालं नव्हतं.

"वा, अण्णा!" मागून आवाज आला. निरोप द्यायला हार घेऊन आलेले चाळीस कार्यकर्ते गोठ्याच्या दारात उभे होते. पुढं छगन ड्रायव्हर, मोबाईल वर धरून. नऊ वाजेपर्यंत फोटो तालुकाभर गेला. खाली लिहिलं होतं: 'मातीशी नाळ जपणारा नेता. सालगड्याला सुट्टी, स्वतः काढली धार.' दहाला मोठ्या साहेबांचा फोन आला की छान, असंच करत जा.

राहुरीहूनही एक फोटो आला, पूजाच्या मोबाईलवर. एक लोखंडी फाटक, फाटकाशी नवी ओढणी घेतलेली पंकजा, शेजारी लंकाबाई. सहादेव फोटोत नव्हता. फोटो त्यानं काढला होता. एका कोपऱ्यात त्याचं बोट आलं होतं.

*

मंगळवारी सगळं घर हॉलात टीव्हीसमोर होतं. कार्यकर्त्यांना राहीबाईंनी ओसरीवर बसवलं होतं आणि स्वतः सोफ्यावर बसल्या होत्या, शेजारी बनुबाई. सहादेव पहाटे पहिल्या गाडीनं आला, धार काढली, आणि आता दारात उभा होता.

टीव्हीवर गोंधळ चालू होता. विधेयक कशाचं आहे ते ऐकू येत नव्हतं. एकदा कॅमेरा फिरला आणि अण्णा दिसले.

"उठले! उठले!" हर्षल ओरडला.

अण्णा उठले होते. त्यांनी तोंड उघडलं. 'अध्य' एवढं ऐकू आलं. अध्यक्षांनी, त्यांच्याकडं न बघता, नुसता हात हलवला.

अण्णा बसले. असे बसले की आजूबाजूचे चार उभे खासदार दचकून त्यांच्याकडं बघायला लागले.

"अण्णा लई चांगलं बसले," सहादेव दारातनं म्हणाला. शिकवणाऱ्याचं समाधान होतं त्यात.

त्यानंतर हो म्हणणारे, नाही म्हणणारे, कोण काय म्हणालं कुणास ठाऊक, विधेयक पास झालं. चर्चेला अकरा मिनिटं लागली होती. अण्णांचं न झालेलं भाषण लेखी म्हणून पटलावर ठेवलं गेलं.

"पास झालं?" बापूंनी घाबरून विचारलं. "म्हंजी आता?"

हर्षल मोबाईलवर वाचत होता. "लागू कधी होणार, त्याची तारीख सरकार नंतर सांगणार. आणि... शेती वगळलीय. शेतातल्या गड्यांना हे नाही."

बापूंनी श्वास सोडला. पूजानं टीव्ही बंद केला. हॉलात कुणी सहादेवकडं बघेना. तो मात्र पिशवीतली घंटा काढून पुसत उभा होता.

"पुरं आता," बापू आवाजात जोर आणून म्हणाले. "बांध ती भागीच्या गळ्यात. कायद्यात शेती न्हाई, ऐकलंस ना?"

"ऐकलं, बापू. त्यो दिल्लीचा कायदा." सहादेवनं घंटा पिशवीत न ठेवता हातातच धरली. "आपला कांद्याच्या चाळीतला. त्यात शेतीच हाय, दुसरं काय न्हाई."

"आरं, ते झालं ना आता!"

"झालं कुठं? तहकूब हाय. परवाच्या धारेपस्तोर म्हन्लं हुतं. धार झाली." तो पूजाकडं बघून म्हणाला, "व्हय ना सूनबाई?"

"नियमानं हो," पूजा म्हणाली.

राहीबाई सोफ्यावरनं उठल्या. जावेचा हात धरला. "चल गं बनू. चुलीचं मांडायचंय." दोघी चाळीकडं निघाल्या. मागोमाग पूजा. हर्षलनं गार भाकरीचा विचार केला आणि तोही निघाला.

हॉलात बापू आणि सहादेव दोघंच राहिले. बापूंनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं. मग घसा खाकरला.

"सहादू, म्हंजी... अध्यक्ष. माझाबी येक अर्ज हुता. दोनच दिवस. हिला आन मला समिंद्र..."

घंटा वाजली.

"बसा, बापू," सहादेव म्हणाला. "लाईनीत वैनींच्या चुलीचा नंबर आधी हाय."

आणि बापू बसले.